पैशाचा माग काढत रेगेन्सबुर्ग: जर्मनीतलं जुनं शहर पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

बायर्नमध्ये, म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात, शिकायला किंवा नोकरीला आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षात नॉयश्वानस्टाइनचा किल्ला हमखास बघतो आणि आई-बाबा आले की त्यांनाही तोच दाखवतो. किल्ला देखणा आहे, यात वादच नाही. पण त्याचं बांधकाम 1869 साली सुरू झालं, म्हणजे वयाने तो साधारण आपल्या व्हीटी स्टेशनच्या जोडीचा. खरोखर जुनं, माणसं अजून राहतात असं शहर बघायचं असेल तर एक अख्खा दिवस काढून रेगेन्सबुर्गला जा. डॅन्यूबच्या काठावरचं हे शहर 2006 सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि जुन्या भागात जवळपास हजार संरक्षित इमारती आहेत.

हजार इमारती म्हटल्यावर नवखा माणूस गांगरतो. दोन चर्च आणि चार रंगीत घरं बघून झाली की सगळं सारखंच दिसायला लागतं. त्यावर माझा एक तोडगा आहे. रेगेन्सबुर्ग बघताना फक्त पैशाचा माग काढायचा. इथे पैसा कधी आला, कोणाकडे साठला, कधी आटला. बाराव्या-तेराव्या शतकात हे शहर दूरदूरच्या व्यापारावर गब्बर झालं. पुढे व्यापार न्यूर्नबर्ग आणि आउग्सबुर्गकडे सरकला. जुनी घरं पाडून नव्या पद्धतीची बांधायला लोकांकडे पैसाच उरला नाही, म्हणून ती राहिली. त्यात दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले ते मुख्यतः शहराबाहेरच्या मेसरश्मिट विमान कारखान्यावर आणि रेल्वेच्या परिसरावर. जुना भाग बराचसा वाचला. हे डोक्यात ठेवून फिरलात तर प्रत्येक दगड कुठल्या खात्यावर टाकायचा ते कळत जातं.

आधी वार ठरवा

सोमवार टाळा, कारण बहुतेक संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. रविवारी दुकानं बंद असतात, पण जुनं शहर बघायला दुकानं कशाला हवीत? उलट रविवारी सकाळी गल्ल्या मोकळ्या मिळतात आणि दहाच्या मिसाला, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनेला, कॅथेड्रलमध्ये डोमश्पात्सन हे मुलांचं गायनवृंद गातं. शाळेला सुट्टी असेल तर ही मुलं नसतात, तेव्हा आधी बघून जा. मिसा चालू असताना आत फिरून फोटो काढता येत नाहीत. मागच्या बाकावर शांत बसून ऐकायची तयारी असेल तरच शिरा.

डिसेंबरात नाताळचे बाजार लागतात आणि त्याची मजा वेगळीच असते. मात्र सव्वाचारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा बघण्याचं सगळं दुपारी तीनच्या आत उरकावं लागतं. टुर्न उंड टाक्सिस राजवाड्याच्या आवारातल्या बाजाराला प्रवेशशुल्क असतं, नॉयफार्रप्लात्स या चौकातल्या बाजाराला नसतं. पहिल्या भेटीसाठी मला मे-जून किंवा सप्टेंबर योग्य वाटतो. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि तिथल्या दगडांचा रंग संध्याकाळच्या उन्हात जितका खुलतो तितका एरवी खुलत नाही.

तिकीट आणि गाडी

म्युनिकहून साधारण दीड तास लागतो, न्यूर्नबर्गहून तासाभराच्या आसपास. डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभरच्या प्रादेशिक गाड्यांचा महिन्याचा पास, असेल तर वेगळं काही काढायला नको. नसेल तर बायर्न-टिकेट काढा. हे दिवसभराचं तिकीट एक ते पाच जणांना चालतं. पहिल्या माणसाची किंमत जास्त, पुढच्या प्रत्येकाला थोडीशीच भर. त्यामुळे चार-पाच जण मिळून गेलात तर माणशी खर्च फार कमी पडतो. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊला सुरू होतं, शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला मध्यरात्रीपासूनच, आणि संपतं दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला. म्हणजे दहाची मिसा गाठायची असेल तर रविवारी हेच तिकीट चालून जातं.

दोन गोष्टी सांभाळा. तिकिटावर प्रवास करणाऱ्यांची नावं लिहावी लागतात. कोरं तिकीट खिशात ठेवून बसलात तर तपासनीस हुज्जत घालणार. दुसरं म्हणजे हे तिकीट फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतं. आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्ये चढलात तर ते तिकीट नसल्यासारखंच. बायर्नमधल्या काही प्रादेशिक गाड्यांचे वाटेत दोन भाग होतात आणि पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या गावाला जातात. डब्याच्या दारावरचा फलक वाचूनच बसा.

पाठीवर काय घ्यायचं

दगडी फरसबंदीवर चालायचं आहे, तेव्हा जाड तळव्याचे बूट. चाकांची बॅग आणली असेल तर ती स्टेशनवरच्या श्लीसफाखमध्ये, म्हणजे कुलपाच्या खणात, ठेवून द्या. फरसबंदीवर ती ओढताना होणारा खडखडाट अख्ख्या गल्लीला ऐकू जातो आणि वरच्या मजल्यावर लोक राहत असतात. नाण्यांची सोय करा, कारण स्वच्छतागृहाला पन्नास सेंट ते एक युरो लागतो आणि छोट्या दुकानांत, पबांत कार्ड चालेलच असं नाही. पाण्याची बाटली घरूनच भरून घ्या. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. हॉटेलात नुसतं पाणी मागितलं तर बुडबुड्याचं येण्याची शक्यता जास्त, म्हणून 'श्टिलेस वासर' असं म्हणा.

आई-बाबा बरोबर असतील तर एक सांगतो. शहर छोटं आहे, सगळं चालत होतं, पण फरसबंदीवर सरळ पायाने चालायची सवय नसलेल्या गुडघ्यांना दोन तासांत जाणीव होते. मध्ये एक बैठक आखूनच घ्या, ती कुठे ते पुढे येईल.

स्टेशनपासून सुरुवात: केप्लरचा थकलेला पगार

स्टेशनातून बाहेर पडलात की बहुतेक लोक समोरच्या माक्सिमिलियानस्ट्रासने सरळ गावात जातात. तुम्ही आधी डावीउजवीकडे पसरलेल्या हिरव्या पट्ट्यात शिरा. जुन्या तटबंदीच्या जागी ही झाडी आहे. तिथे गोल खांबांचं छोटंसं स्मारक दिसेल. ते योहानेस केप्लरचं, 1808 साली उभारलेलं. ग्रहांच्या गतीचे तीन नियम शाळेत घोकताना हा माणूस कुठे मेला असा प्रश्न आपल्याला पडत नाही. तो इथे मेला, 15 नोव्हेंबर 1630 रोजी, वयाच्या 58व्या वर्षी. सम्राटाच्या दरबाराकडे त्याचा पगार वर्षानुवर्षं थकला होता. बडी मंडळी रेगेन्सबुर्गला जमलीत असं कळल्यावर तो वसुलीसाठी घोड्यावरून इथे आला, तापाने आजारी पडला आणि गेला. त्याला पुरलं ते दफनस्थान तीस वर्षांच्या युद्धात उद्ध्वस्त झालं, त्यामुळे त्याची कबर आज नाही. ज्या घरात तो वारला ते केप्लरस्ट्रासवर नदीजवळ आहे आणि तिथे छोटं संग्रहालय आहे.

इथूनच डाव्या हाताला टुर्न उंड टाक्सिस घराण्याचा राजवाडा लागतो. या घराण्याने टपाल चालवून पैसा केला. साम्राज्यभर पत्रं पोहोचवण्याचा मक्ता त्यांच्याकडे होता. 1748 साली ते रेगेन्सबुर्गला सम्राटाचे प्रतिनिधी म्हणून आले आणि बायर्न सरकारने टपालाचा मक्ता काढून घेतल्यावर भरपाई म्हणून 1812 साली त्यांना सांक्ट एमेराम हा मठच मिळाला. त्याचाच पुढे राजवाडा झाला. आतून बघायचं तर वाटाड्याबरोबरच जावं लागतं आणि तिकीट स्वस्त नाही. वेळ कमी असेल तर राजवाडा सोडा, पण शेजारचं सांक्ट एमेरामचं चर्च फुकट आहे, त्यात डोकवा.

रोमन दगड: एक वाहनतळात, एक हॉटेलात

आता दाखाउप्लात्सला या. इथे बहुमजली वाहनतळ आहे, त्यात शिरा. गाड्यांच्या रांगांशेजारी रोमन तटाचे दगड उभे आहेत, फुकट बघायला. इ. स. 179 मध्ये मार्कस ऑरेलियस सम्राटाच्या काळात इथे लष्करी छावणी उभी राहिली. सुमारे सहा हजार सैनिकांची. आपल्याकडे तेव्हा सातवाहनांचं राज्य होतं आणि नाशिकची लेणी घडत होती. 179 हे साल इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण छावणीच्या दरवाज्यावरचा शिलालेख सापडला. तो याच चौकातल्या ऐतिहासिक संग्रहालयात आहे.

या चौकाशी आणखी एक आठवण जोडलेली आहे आणि ती न वाचता पुढे जाऊ नका. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकन सैन्य जवळ आलं तेव्हा लोक इथे जमले आणि शहर लढाईशिवाय सोपवा अशी मागणी करू लागले. कॅथेड्रलचे प्रवचनकार योहान मायर बोलायला उभे राहिले. त्यांना पकडून दुसऱ्या दिवशी पहाटे, 24 एप्रिलला, इथेच फाशी दिलं. शहर वाचलं ते केवळ नशिबाने असं कोणी म्हणालं तर ही आठवण सांगावी.

रोमनांचा दुसरा अवशेष पोर्टा प्रेटोरिया, म्हणजे छावणीचा उत्तरेकडचा दरवाजा. 'उंटर डेन श्विबब्योगन' या नदीजवळच्या गल्लीत तो बिशोफ्सहोफ या हॉटेलच्या भिंतीत अडकलेला आहे. मध्ययुगात लोकांनी त्याभोवती बांधकाम केलं, गिलावा चढवला आणि विसरून गेले. 19व्या शतकाच्या अखेरीस बांधकाम पाडताना तो पुन्हा उघडा पडला. मोठमोठे चौकोनी दगड, चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले. शेजारच्या पांढऱ्या भिंतीसमोर ते वेगळेच उठून दिसतात. हात लावून बघायला हरकत नाही.

दगडी पूल: हा दोनदा चाला

श्टाइनर्ने ब्र्युके, म्हणजे दगडी पूल, हे या गावाचं पोट. 1135 ते 1146 या काळात तो बांधला गेला. 1135च्या उन्हाळ्यात नदीचं पाणी फार उतरलं होतं, त्यामुळे पाया घालणं जमलं असं सांगतात. मूळच्या सोळा कमानी होत्या. लांबी तीनशे मीटरच्या वर. यानंतर जवळपास आठशे वर्षं रेगेन्सबुर्गमध्ये डॅन्यूब ओलांडायला हा एकच पूल होता. विचार करा, उत्तरेकडून येणारा माल, दक्षिणेला इटलीकडे जाणारे व्यापारी, धर्मयुद्धाला निघालेलं सैन्य, सगळे इथूनच. 1189 साली फ्रेडरिक बार्बारोसा तिसऱ्या धर्मयुद्धाला याच गावातून निघाला.

पहिल्यांदा चालताना पाठ गावाकडे ठेवून सरळ पलीकडे जा. वाटेत पुलाच्या कठड्यावर एक दगडी माणूस बसलेला दिसेल, डोळ्यांवर हात धरून कॅथेड्रलकडे बघणारा. हा ब्रुकमांडल. गोष्ट अशी की पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांची पैज लागली. पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली आणि बदल्यात पुलावरून जाणारे पहिले तीन जीव कबूल केले. पूल झाल्यावर त्याने एक कोंबडा, एक कोंबडी आणि एक कुत्रा पुढे हाकलला. सैतान चिडला, त्याने पूल खालून ढकलला आणि म्हणून तो मधोमध उंच आहे. पूल संपला 1146 ला आणि आजच्या कॅथेड्रलचं काम सुरू झालं 1273च्या सुमारास, तेव्हा पैज लावायला दोघांपैकी एकाला सव्वाशे वर्षं जास्त जगावं लागलं असतं. गोष्टीला तेवढी सूट द्यावी.

खाली पाणी बघा. कमानींच्या जाड खांबांमुळे नदी आवळली जाते आणि पुढे भोवरे उठतात. पोहणाऱ्यांसाठी ही जागा धोक्याची आहे. उन्हाळ्यात काठावर पाय सोडून बसलेले विद्यार्थी दिसले तरी पाण्यात उतरू नका.

पलीकडे श्टाटआमहोफ. आज तो रेगेन्सबुर्गचाच भाग वाटतो, पण 1924 पर्यंत ते वेगळं गाव होतं. रेगेन्सबुर्ग 1245 पासून थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं स्वतंत्र शहर आणि श्टाटआमहोफ बायर्नचं. म्हणजे पुलाच्या टोकाला सरहद्दच होती. 1809 साली नेपोलियनच्या लढाईत श्टाटआमहोफ जळलं, म्हणून तिथली घरं एका ओळीत, एका धाटणीची आहेत. अलीकडची गल्लीबोळांची गुंतागुंत आणि पलीकडचा सरळ रुंद रस्ता हा फरक पूल ओलांडताच डोळ्यात भरतो. याच लढाईत रेगेन्सबुर्गसमोर नेपोलियनच्या पायाला गोळी लागली होती.

आता परत फिरा. दुसऱ्यांदा चालताना समोर गाव आहे: बुरूज, मिठाच्या कोठाराचं प्रचंड छप्पर आणि मागे कॅथेड्रलचे दोन मनोरे. फोटो इथेच काढायचा. शक्यतो सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कारण भर दुपारी नदीवरच्या पर्यटक-जहाजांतून उतरलेले जथे इथेच असतात. पुलावर गाड्या येत नाहीत. सायकली येतात आणि त्या वेगात असतात, फोटोसाठी मागे मागे सरकताना लक्ष असू द्या.

पुलाच्या गावाकडच्या टोकाला ते मिठाचं कोठार, झाल्त्सश्टाडल, 1616 ते 1620 मधलं. मीठ हा त्या काळचा मोठा माल होता. आज त्यात जागतिक वारशाचं माहिती केंद्र आहे. प्रवेश फुकट, स्वच्छता चांगली, बसायला जागा. आई-बाबांची पहिली बैठक इथे.

व्यापाऱ्यांचे मनोरे

वाह्लेनस्ट्रास आणि वाटमार्क्ट या गल्ल्यांत शिरलात की मान वर करून चाला. इटलीतल्या शहरांत श्रीमंत घराणी आपापले मनोरे उभारत, त्याची नक्कल इथल्या व्यापाऱ्यांनी केली. आल्प्सच्या उत्तरेला असे मनोरे एवढ्या संख्येने दुसरीकडे क्वचितच दिसतात. वाह्लेनस्ट्रासवरचा गोल्डनर टुर्म नऊ मजली, सुमारे पन्नास मीटर उंच. संरक्षणासाठी इतक्या उंचीची गरज नव्हती. वरचे मजले पुष्कळदा रिकामेच असायचे. शेजाऱ्यापेक्षा माझा मनोरा उंच, एवढाच त्याचा उपयोग. आता गोल्डनर टुर्ममध्ये विद्यार्थी राहतात. वाटमार्क्टवरचा बाउमबुर्गर टुर्म बुटका आहे, पण खिडक्यांच्या कमानी बघण्यासारख्या आहेत आणि मला तोच जास्त आवडतो.

जवळच गोलियाथस्ट्रासवर गोलियाथहाउस आहे. भिंतभर रंगवलेला राक्षस गोलियाथ आणि त्याच्यासमोर गोफण घेतलेला डेव्हिड. चित्र मूळ सोळाव्या शतकातलं, नंतर अनेकदा नव्याने रंगवलेलं. फोटो काढा आणि पुढे चला, इथे फार वेळ घालवण्याजोगं काही नाही.

जुनं राटहाउस: आधी दरवाजा बघा

आल्टेस राटहाउसच्या, म्हणजे जुन्या नगरभवनाच्या, दाराशी, भिंतीवर, लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या आहेत. बहुतेक लोक त्यांच्याकडे न बघताच आत जातात. ही शहराची अधिकृत मापं: एक पाऊल, एक एल (कापड मापायचं हातभर माप), एक वाव. बाजारात कापड मापण्यावरून भांडण झालं की इथे येऊन पट्टीला लावून बघायचं. या शहराचं सगळं वैभव कापड, मीठ आणि चोख मापावर उभं होतं, त्याचा पुरावा दारातच टांगलेला आहे.

आत राइक्सझाल हे मोठं सभागृह. 1663 ते 1806 या काळात पवित्र रोमन साम्राज्याची कायमची संसद इथे भरत होती. 1663 म्हणजे लाल महालात शायिस्तेखानाची बोटं तुटली ते वर्ष. ही संसद सुरुवातीला तुर्कांविरुद्ध पैसा आणि मदत ठरवण्यासाठी बोलावली होती. ती संपलीच नाही, चालूच राहिली, 143 वर्षं. राजे-राजवाड्यांचे वकील इथे कायमचे राहायला आले, घरं भाड्याने घेतली, मेजवान्या दिल्या. व्यापार गेल्यावर शहराचं पोट या पाहुण्यांवर भरलं. खाली तळघरात छळाची खोली आहे, जशीच्या तशी. वर कायदे आणि खाली ती खोली, हे एकाच इमारतीत बघणं अंगावर येतं. लहान मुलं असतील तर आधी विचार करा.

सभागृह फक्त वाटाड्याबरोबर बघता येतं आणि इंग्रजी फेरी दिवसातून मोजक्याच वेळी असते. राटहाउसमध्येच पर्यटक माहिती कार्यालय आहे. गावात आल्या आल्या तिथे तिकीट काढून वेळ पक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती लावा. दुसऱ्या कुठल्याच गोष्टीसाठी आगाऊ तिकिटाची एवढी गरज नाही.

कॅथेड्रल

डोम सांक्ट पेटर. काम 1273च्या आसपास सुरू झालं, म्हणजे देवगिरीला रामदेवराव यादव गादीवर होते त्या सुमारास. अडीचशे वर्षं चाललं आणि 1520च्या आसपास थांबलं. पैसा संपला होता आणि धर्मसुधारणेचं वारं वाहायला लागलं होतं. 1542 मध्ये शहर प्रोटेस्टंट झालं, पण बिशप आणि मठ कॅथलिकच राहिले. एकाच तटाच्या आत दोन पंथ शेकडो वर्षं राहिले आणि कॅथेड्रल अर्धवट मनोऱ्यांनिशी उभं होतं. आज दिसणारे 105 मीटरचे मनोरे 1859 ते 1869 मध्ये, बायर्नचा राजा पहिला लुडविग याच्या पुढाकाराने पूर्ण झाले.

आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबा. काचा बऱ्याचशा तेराव्या-चौदाव्या शतकातल्या आहेत, त्यामुळे आत उजेड कमी आणि रंग जास्त. मग हसणारा देवदूत शोधा. मेरीला निरोप सांगायला आलेला, 1280च्या सुमाराचा, दात दाखवून मोकळा हसणारा. एवढ्या गंभीर इमारतीत तो एकटाच मजेत आहे.

बाहेर दक्षिणेच्या बाजूला एका खांबावर ज्यूंची कुचेष्टा करणारं शिल्प आहे आणि त्याशेजारी माहितीफलक. ते बघूनच नॉयफार्रप्लात्सकडे वळा, कारण पुढची गोष्ट तिथली आहे.

नॉयफार्रप्लात्स

हा गावातला सर्वात मोकळा चौक आणि तो मोकळा का आहे हे समजून घ्यायला हवं. इथे ज्यू वस्ती होती. दाट घरं, सभास्थान (सिनेगॉग), विद्यालय. शहर कर्जात बुडालं, कारागीर बेकार झाले आणि दोष सावकारी करणाऱ्या ज्यूंवर टाकला गेला. त्यांना सम्राटाचं संरक्षण होतं. जानेवारी 1519 मध्ये सम्राट माक्सिमिलियान वारला आणि पुढच्याच महिन्यात नगरपरिषदेने सगळ्यांना हाकलून वस्ती जमीनदोस्त केली. त्या नगरपरिषदेत चित्रकार आल्ब्रेख्ट आल्टडोर्फर होता. पाडण्याआधी त्याने सभास्थानाची दोन चित्रं कोरून ठेवली. आपण त्या इमारतीचं आतलं रूप बघू शकतो ते ती पाडणाऱ्यांपैकीच एकाच्या हातून. पाडकामात जखमी झालेला एक गवंडी वाचला, तो चमत्कार ठरला, तीर्थयात्रा सुरू झाली आणि चर्च उभं राहिलं. यात्रेकरूंनी पैसा आणला, हे वेगळं सांगायला नको.

1995 ते 1998 मध्ये इथे उत्खनन झालं. जमिनीखाली तळघरं निघाली आणि चौदाव्या शतकात कोणीतरी लपवलेली 624 सोन्याची नाणीही. तळघरं वाटाड्याबरोबर बघता येतात. वर, सभास्थानाच्या जागी, दानी कारावान या इस्राएली शिल्पकाराने त्याच्या पायाचा आराखडा पांढऱ्या काँक्रीटमध्ये उभारला आहे. लोक त्यावर बसतात, मुलं उड्या मारतात. त्यात गैर काही नाही. लोकांनी एकत्र येऊन बसावं यासाठीच तो केला आहे. आई-बाबांची दुसरी बैठक इथे. ज्यू समाजाचं नवं सभास्थान 2019 मध्ये इथून थोड्या अंतरावर उघडलं.

खाणं

पुलाशेजारच्या हिस्टोरिशे वुर्स्टकुखलमध्ये कोळशावर भाजलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज, आंबट कोबी आणि गोडसर मोहरी मिळते. आत जागा अगदी थोडी, बाहेर नदीकाठी बाकं. मांसाहारी असाल तर खा, महाग नाही. भिंतीवर वेगवेगळ्या वर्षांच्या पुराच्या खुणा आहेत, त्या बघा.

शाकाहारी माणसाने तीन पदार्थ लक्षात ठेवावेत: केजश्पेत्सले (चीज घातलेल्या जाड शेवया), प्रेत्सलबरोबरचं ओबात्सडा नावाचं मसालेदार चीज, आणि मशरूमच्या सायीच्या रश्शातले झेमलक्न्योडल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे. फसवणारे पदार्थही तीन. बटाट्याच्या सूपमध्ये बारीक मांसाचे तुकडे असू शकतात, बायर्नच्या बटाटा-सॅलडला बऱ्याचदा मांस उकळलेलं पाणी घातलेलं असतं आणि केजश्पेत्सलेवरही कधी कधी श्पेक, म्हणजे डुकराच्या चरबीदार मांसाचे तुकडे, पडतात. 'ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने फ्लाइशब्र्युए' (मांस नको, श्पेक नको, मांसाचं पाणी नको) एवढं वाक्य पाठ करा.

याहून सोपा मार्ग म्हणजे बिअर गार्डन. पुलाच्या श्टाटआमहोफकडच्या टोकाला सांक्ट काटारीनेनश्पिटाल या मध्ययुगीन धर्मादाय संस्थेची दारूभट्टी आणि नदीकाठची बाग आहे. बायर्नच्या परंपरागत बिअर गार्डनमध्ये आपलं खाणं आपण आणलेलं चालतं, पेय मात्र तिथलंच घ्यायचं. टेबलावर कापड अंथरलेलं असेल तर तिथे वाढपी येतो, तिथे डबा उघडू नका. बिनकापडाच्या बाकावर बसायचं, आणि शंका असेल तर आधी विचारायचं. पेय म्हणजे बिअरच असं नाही, सफरचंदाच्या रसाचं आप्फेलशोर्ले सगळीकडे मिळतं. थालीपीठ आणि शोर्ले हे जमून जातं.

वेळ उरला तर

गावाच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर डोनाउश्टाउफ इथे वालहाला आहे: डॅन्यूबवरच्या टेकडीवर पहिल्या लुडविगने 1842 साली पुरं केलेलं, अथेन्सच्या पार्थेनॉनच्या घाटाचं संगमरवरी मंदिर. आत जर्मन थोरांचे अर्धपुतळे आहेत, त्यांत केप्लरही. ऋतूत रेगेन्सबुर्गहून बोट जाते, एरवी बस. बोटीच्या धक्क्यापासून वर चढायला लागतं आणि मंदिराच्या पायऱ्याच 358 आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी गाडीने यावं, वाहनतळ वरच्या बाजूला आहे. एका दिवसात राटहाउसची फेरी आणि वालहाला दोन्ही बसवायचं म्हटलं तर धावपळ होते. मी वालहाला सोडून देईन. संध्याकाळी पुलावर परत येणं मला जास्त मोलाचं वाटतं आणि बायर्न-टिकेट पहाटे तीनपर्यंत चालतं, तेव्हा घाई नाही. फक्त शेवटची प्रादेशिक गाडी किती वाजता आहे ते सकाळी स्टेशनवर उतरतानाच बघून ठेवा.